अनेक क्लाउडवरचे सर्व्हर ओपन सोर्स साधनांनी सांभाळताना: कामाचा योग्य क्रम

एडब्ल्यूएसवर काही सर्व्हर, अझूरवर काही, गूगल क्लाउडवर आणखी काही, अशी स्थिती झाली की बहुतेक जण एक टूल निवडतात आणि त्याच दिवशी पहिला 'अप्लाय' (बदल प्रत्यक्ष लागू करणारी कमांड) चालवतात. पुढे होणारा घोळ सहसा टूलमुळे होत नाही. नेटवर्कचे पत्ते आधी ठरलेले नसतात, टॅगांची (सर्व्हरवर लावायच्या खुणांची) नावं प्रत्येक क्लाउडवर वेगळी पडलेली असतात, स्टेट फाईल (टूलने काय काय तयार केलं याची नोंद) कुणाच्या तरी लॅपटॉपवर असते. हे नंतर सुधारता येतं, पण बरेचदा चालू सर्व्हर बंद करून. म्हणून या लेखात तयारीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. दोन-तीन क्लाउडवर मिळून दहा ते दोनशे लिनक्स सर्व्हर असतील, तर हा क्रम जसाच्या तसा वापरता येईल.

## सुरू करण्याआधी: कोणतं काम कुणाचं

लेखात पुढे ही साधनं येतील. सर्व्हर, नेटवर्क आणि फायरवॉल तयार करण्यासाठी ओपनटोफू. सर्व्हरच्या आतल्या मांडणीसाठी अ‍ॅन्सिबल. क्लाउड एकमेकांना जोडण्यासाठी वायरगार्ड. गुप्त माहितीसाठी सॉप्स आणि एज. देखरेखीसाठी प्रोमिथियस, बॅकअपसाठी रेस्टिक.

ओपनटोफूऐवजी त्याच कामाचं टेराफॉर्म का नाही, हा प्रश्न येतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स झाला, त्यामुळे पुढच्या आवृत्त्या ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाहीत. ओपनटोफू ही त्यातूनच फुटलेली शाखा लिनक्स फाउंडेशनकडे आहे आणि कोड लिहिण्याची पद्धत जवळपास तीच आहे. गुप्त माहिती सांभाळणाऱ्या व्हॉल्टचंही तसंच झालं. त्याची मोकळी शाखा म्हणजे ओपनबाओ. तुमच्या संस्थेला ओपन सोर्सची अट असेल तर हे आत्ताच तपासा.

एक अपेक्षा इथेच सोडून द्या: एकदा लिहिलेला कोड तिन्ही क्लाउडवर चालेल, असं होत नाही. ओपनटोफूमध्ये एडब्ल्यूएसचा सर्व्हर, अझूरचा सर्व्हर आणि गूगलचा सर्व्हर हे तीन वेगळे रिसोर्स आहेत, त्यांचे गुणधर्मही वेगळे. समान राहते ती पद्धत: बदल कोडमध्ये लिहायचा, प्लॅन (काय काय बदलणार याचा आराखडा) वाचायचा, मग लागू करायचा. हे फरक झाकणारं आपलं स्वतःचं जाडजूड मॉड्यूल (पुन्हा वापरायचा कोडचा संच) लिहिण्याचा मोह टाळा. त्यात तिन्ही क्लाउडच्या उणिवा एकत्र होतात आणि नव्या माणसाला काही कळत नाही.

नियम: एका गोष्टीचा मालक एकच. फायरवॉल ओपनटोफूने केली असेल तर अ‍ॅन्सिबलने किंवा कन्सोलमधून (क्लाउडच्या वेबपानावरून) हाताने तिला हात लावायचा नाही.

## टप्पा १: जे आहे त्याची मोजदाद

आधी कागदावर यादी हवी. प्रत्येक सर्व्हरसाठी नाव, क्लाउड, रीजन, खाजगी पत्ता, सार्वजनिक पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, जबाबदार व्यक्ती आणि 'हा बंद पडला तर काय थांबेल' असे रकाने करा. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो.

एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये सर्व्हरची यादी एका वेळी एकाच रीजनची दिसते. कुणी चाचणीसाठी दुसऱ्या रीजनमध्ये केलेला सर्व्हर त्यामुळे नजरेआड राहतो. गूगलवर हीच गत प्रोजेक्टची, अझूरवर सबस्क्रिप्शनची. कमांड लाइनवरून सगळे रीजन, सगळे प्रोजेक्ट, सगळी सबस्क्रिप्शन एकेक करून विचारा.

फक्त सर्व्हर मोजून थांबू नका. कुणालाही न जोडलेल्या डिस्क, जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या वेळच्या प्रती) आणि राखून ठेवलेले सार्वजनिक पत्तेही लिहा. यांचे पैसे चालूच असतात. एडब्ल्यूएस तर फेब्रुवारी २०२४ पासून वापरात असलेल्या सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांचेही पैसे घेतं.

तपासणी: यादी मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. बिलात ज्याचे पैसे लागले आणि यादीत जे नाही, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: नावं, टॅग आणि पत्त्यांची वाटणी

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, कारण हे काम बिनमहत्त्वाचं वाटतं.

आधी टॅग. एडब्ल्यूएसवर टॅगच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक धरला जातो. अझूरवर टॅगच्या नावात तो धरला जात नाही, टॅगच्या किमतीत (व्हॅल्यूत) मात्र धरला जातो. गूगलवर लेबलमध्ये कॅपिटल अक्षर चालतच नाही, आणि लांबीची मर्यादा ६३ अक्षरं आहे. म्हणजे एडब्ल्यूएसवर कॅपिटल 'ई' ने सुरू होणारा 'एन्व्ह' टॅग (सर्व्हर प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापराचा, की चाचणीचा हे सांगणारा) असेल, तर तोच गूगलवर लावता येणार नाही. पुढे अ‍ॅन्सिबल गट पाडेल तेव्हा 'प्रॉडक्शन'चे दोन वेगवेगळे गट तयार होतील, आणि सुरक्षा अपडेट त्यातल्या एकालाच मिळेल.

यावर उपाय म्हणजे सगळ्यांत कडक नियम असलेल्या क्लाउडला सगळीकडे प्रमाण मानायचं. सगळी अक्षरं स्मॉल, फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. हायफन टाळा, कारण अ‍ॅन्सिबलच्या गटनावात तो वैध धरला जात नाही. टॅग चारच पुरे: 'एन्व्ह', 'रोल', 'ओनर' आणि 'मॅनेज्ड_बाय'. 'ओनर'मध्ये व्यक्तीचं नाव न घालता टीमचं नाव घाला, माणसं बदलतात.

आता पत्ते. तिरक्या रेघेनंतरचा आकडा पट्ट्याचा आकार सांगतो: आकडा लहान, तितका पट्टा मोठा. एडब्ल्यूएसचं डिफॉल्ट नेटवर्क नेहमी १७२.३१.०.०/१६ असतं. गूगलचं आपोआप तयार होणारं नेटवर्क १०.१२८.०.०/९ या पट्ट्यातून पत्ते घेतं. हा पट्टा १०.१२८.०.० पासून थेट १०.२५५.२५५.२५५ पर्यंत पसरलेला आहे. डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) असेल त्या प्रत्येक सर्व्हरवर १७२.१७.०.०/१६ धरून बसतं. ऑफिसच्या व्हीपीएनचा पट्टा वेगळाच. यातले दोन पट्टे एकमेकांवर आले की दोन क्लाउड जोडताच येत नाहीत. सर्व्हरला पलीकडचा पत्ता स्वतःच्याच नेटवर्कातला वाटतो आणि पॅकेट बाहेर पडतच नाही. एडब्ल्यूएसवर नेटवर्क एकदा तयार झालं की त्याचा मूळ पट्टा बदलता येत नाही. नवं नेटवर्क करून सर्व्हर हलवावे लागतात.

वाटणी साधी ठेवा. उदाहरणार्थ:

- एडब्ल्यूएस: १०.१०.०.०/१६
- अझूर: १०.२०.०.०/१६
- गूगल क्लाउड: १०.३०.०.०/१६
- वायरगार्डचे बोगदे: १०.९९.०.०/२४

मधली रिकामी जागा मुद्दाम ठेवली आहे. उद्या एडब्ल्यूएसचा दुसरा रीजन आला तर त्याला १०.११.०.०/१६ देता येईल, आणि पत्ता पाहताच क्लाउड ओळखू येईल.

तपासणी: डिफॉल्ट नेटवर्कमध्ये एकही महत्त्वाचा सर्व्हर राहणार नाही ना? ऑफिसचा व्हीपीएन आणि डॉकर यांचे पट्टेही या यादीत लिहिलेत ना?

## टप्पा ३: चाव्या आणि अधिकार

प्रत्येक टूलला प्रत्येक क्लाउडवर स्वतंत्र खातं द्या. ओपनटोफूला लिहिण्याचा अधिकार लागतो. अ‍ॅन्सिबलची यादी आणि प्रोमिथियस यांना फक्त वाचण्याचा पुरतो. एकच 'अ‍ॅडमिन' चावी सगळीकडे वापरली की ती फुटल्यावर काय काय बदलायचं हेच समजत नाही. सीआयमधून (कोड बदलला की आपोआप कामं चालवणाऱ्या व्यवस्थेतून) काम चालत असेल तर कायमस्वरूपी चाव्या ठेवूच नका. तिन्ही मोठे क्लाउड ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीद्वारे थोड्या वेळापुरते टोकन देतात.

पासवर्ड आणि टोकन गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवायचे तर सॉप्स आणि एज ही जोडी सोपी आहे. सॉप्स फाईलमधल्या फक्त किमती कूटबद्ध करतं, नावं वाचता येतात. त्यामुळे कोणती किंमत बदलली हे डिफमध्ये (जुन्या-नव्या फाईलच्या तुलनेत) दिसतं. एजची खाजगी चावी दोन वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवा. ती गेली तर फाईली उघडणार नाहीत.

सावधान: एखादं टोकन चुकून उघडं गिटमध्ये गेलं तर आधी ते क्लाउडवर रद्द करा, मग गिटचा इतिहास साफ करा. उलट क्रमाने केलं तर साफसफाई चालू असताना टोकन जिवंतच राहतं. पुढच्या कमिटमध्ये ओळ पुसल्याने काहीच साधत नाही.

## टप्पा ४: स्टेट फाईलची व्यवस्था

ओपनटोफू आपण तयार केलेल्या गोष्टींची नोंद स्टेट फाईलमध्ये ठेवतं. या फाईलमध्ये डेटाबेसचे पासवर्डही साध्या अक्षरांत असू शकतात. कोडमध्ये 'सेन्सिटिव्ह' लिहिलं की किंमत स्क्रीनवर दिसत नाही, पण स्टेटमध्ये ती तशीच असते. म्हणून स्टेट गिटमध्ये कधीही नको.

क्रमाने हे करा:

१. स्टेटसाठी वेगळं ऑब्जेक्ट स्टोरेज तयार करा. त्यात सर्व्हरचा दुसरा डेटा ठेवू नका.
२. त्यावर व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे बिघडलेल्या स्टेटची आधीची प्रत परत आणता येते.
३. लॉकिंग चालू करा, म्हणजे दोघे एकाच वेळी बदल करू शकणार नाहीत.
४. ओपनटोफू १.७ पासून स्टेट कूटबद्ध करण्याची सोय आहे. ती पहिल्या दिवसापासून वापरा.
५. हे सगळं झाल्यावरच पहिला रिसोर्स लिहा.

स्टेट किती ठेवायच्या? माझं ठाम मत: प्रत्येक क्लाउडची वेगळी, आणि त्यातही नेटवर्कची वेगळी, सर्व्हरांची वेगळी. प्लॅन करताना ओपनटोफू त्या स्टेटमधल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी संबंधित क्लाउडकडे करतं. तिन्ही क्लाउड एकाच स्टेटमध्ये असतील आणि एकाचं एपीआय (टूल ज्यातून क्लाउडशी बोलतं तो दुवा) बंद असेल, तर पूर्ण प्लॅन अडतो. नेमकं त्याच दिवशी तुम्हाला दुसऱ्या क्लाउडवर सर्व्हर वाढवायचे असतात. त्याच कारणासाठी प्रत्येक क्लाउडची स्टेट त्याच क्लाउडवर ठेवा.

प्रोव्हायडरच्या (प्रत्येक क्लाउडशी बोलणाऱ्या प्लगइनच्या) आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाईल मात्र गिटमध्ये हवीच. लॅपटॉप मॅक आणि सीआय लिनक्स असेल तर 'टोफू प्रोव्हायडर्स लॉक' ही कमांड दोन्ही प्लॅटफॉर्मसाठी चालवा. नाहीतर लॅपटॉपवर चाललेलं सीआयमध्ये चेकसम जुळत नाही म्हणून अडतं, आणि वैतागून कुणीतरी लॉक फाईलच काढून टाकतं.

तपासणी: दोन जणांनी एकाच वेळी प्लॅन चालवून पाहा. दुसऱ्याला लॉकची सूचना मिळायला हवी. मिळाली नाही तर लॉकिंग चालू नाही.

सावधान: 'फोर्स अनलॉक' (लॉक जबरदस्तीने काढणारी कमांड) चालवण्याआधी ज्याच्या नावाने लॉक आहे त्याला विचारा. त्याचं काम अजून चालू असू शकतं.

## टप्पा ५: जुने सर्व्हर कोडखाली आणणं

हाताने तयार केलेले सर्व्हर इम्पोर्ट करायचे असतात. कोडमध्ये इम्पोर्ट ब्लॉक लिहा, त्यात रिसोर्सचं नाव आणि क्लाउडवरचा आयडी द्या, आणि प्लॅनला कोड तयार करून द्यायला सांगा. तयार झालेला कोड कच्चा मसुदा असतो. त्यातल्या अनावश्यक ओळी काढाव्या लागतात. सुरुवात सगळ्यात कमी महत्त्वाच्या सर्व्हरपासून करा.

इथे घाई झाली तर चालू सर्व्हर उडतो. प्लॅनच्या शेवटी इम्पोर्ट होणाऱ्यांच्या संख्येसोबत तीन आकडे असतात: किती तयार होणार, किती बदलणार, किती नष्ट होणार. इम्पोर्टच्या वेळी तयार आणि नष्ट हे दोन्ही शून्यच हवेत. तसे नसतील तर वर जाऊन उणे-अधिक अशी खूण असलेला रिसोर्स शोधा. त्यात ज्या ओळीपुढे 'फोर्सेस रिप्लेसमेंट' लिहिलेलं असेल, ती ओळ दोषी. त्याचा अर्थ असा की तो गुणधर्म जागेवर बदलता येत नाही, म्हणून सर्व्हर पाडून नवा उभारला जाईल.

नेहमी सापडणारं उदाहरण म्हणजे इमेज (सर्व्हर ज्यावरून उभा राहतो तो तयार साचा). कोडमध्ये 'सर्वांत नवी इमेज घे' असं लिहिलेलं असतं. सर्व्हर तयार केला त्या दिवशी ते बरोबर होतं. महिन्याभराने वितरकाने नवी इमेज प्रसिद्ध केली की काहीही न बदलता प्लॅन सर्व्हर पाडायला निघतो. चालू सर्व्हरसाठी इमेजचा नेमका आयडी लिहा, किंवा तो गुणधर्म 'इग्नोर चेंजेस'मध्ये टाका.

महत्त्वाच्या सर्व्हरवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लावा, पण त्यावर विसंबू नका. कोडमधून तो पूर्ण ब्लॉकच काढला तर संरक्षणाची ओळही त्याच्यासोबत जाते आणि सर्व्हर नष्ट होतो. म्हणून क्लाउडकडचं संरक्षणही लावा: एडब्ल्यूएसवर टर्मिनेशन प्रोटेक्शन, अझूरवर डिलीट लॉक, गूगलवर डिलीशन प्रोटेक्शन.

तपासणी: प्लॅन फाईलमध्ये साठवा, दुसऱ्या व्यक्तीला वाचायला द्या, आणि तीच फाईल लागू करा. नुसतं 'अप्लाय' केलं तर प्लॅन नव्याने काढला जातो, आणि मधल्या वेळात परिस्थिती बदललेली असू शकते.

## टप्पा ६: नवे सर्व्हर तयार करणं

तिन्ही क्लाउडवर एकाच वितरणाची एकच आवृत्ती ठेवा. एकीकडे डेबियन आणि दुसरीकडे अ‍ॅमेझॉन लिनक्स असलं तर पुढच्या प्रत्येक पायरीत दोन रस्ते होतात.

सारखे अनेक सर्व्हर करताना 'काउंट' वापरू नका. त्यात सर्व्हर क्रमांकाने ओळखले जातात. यादीतला मधला एक काढला की त्यामागच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात, आणि चांगले चालणारे सर्व्हरही बदलले किंवा पाडले जातात. 'फॉर ईच' वापरा, म्हणजे प्रत्येक सर्व्हर नावाने ओळखला जाईल.

क्लाउड-इनिटमध्ये (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना चालणाऱ्या मांडणीत) फक्त तीन गोष्टी ठेवा: वापरकर्ता, त्याची एसएसएच चावी आणि पायथन. सगळ्या क्लाउडवर वापरकर्त्याचं नाव एकच ठेवलंत तर पुढे त्रास वाचतो, कारण इमेजनुसार डिफॉल्ट नाव बदलतं. बाकीची मांडणी अ‍ॅन्सिबलचं काम.

फायरवॉलकडे नीट लक्ष द्या, कारण तिन्हीकडची रीत वेगळी आहे. एडब्ल्यूएसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त परवानगीचे नियम असतात, मनाईचे नसतात. अझूरमध्ये प्रत्येक नियमाला १०० ते ४०९६ मधला प्राधान्यक्रमांक असतो आणि लहान क्रमांक आधी तपासला जातो. १०० वर ढिला नियम लिहिला तर ३०० वरची मनाई कधीच लागू होत नाही. गूगलवर नियम पूर्ण नेटवर्कचा असतो आणि नेटवर्क टॅगने सर्व्हरला चिकटतो. हा नेटवर्क टॅग म्हणजे आपण टप्पा २ मध्ये ठरवलेलं लेबल नाही. लेबल लावून फायरवॉल बदलत नाही. शिवाय गूगलच्या डिफॉल्ट नेटवर्कमध्ये एसएसएच जगभरासाठी उघडं असतं.

सावधान: डॉकरने उघडलेले पोर्ट सर्व्हरवरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालतात. आतल्या फायरवॉलवर भिस्त ठेवू नका. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंदच हवेत.

तपासणी: सर्व्हर 'चालू' दिसला म्हणजे तयार झाला असं नाही. 'क्लाउड-इनिट स्टेटस' कमांडचं उत्तर 'डन' आल्यावरच पुढे जा.

## टप्पा ७: क्लाउड एकमेकांना जोडणं

प्रत्येक क्लाउडवर एक छोटा गेटवे सर्व्हर करा आणि त्यांच्यात वायरगार्ड लावा. क्रम असा: तिन्ही गेटवेंवर चाव्या तयार करा, यूडीपी ५१८२० पोर्ट फक्त एकमेकांच्या पत्त्यांसाठी उघडा, बोगदा चालू करा, गेटवे ते गेटवे पिंग पाहा, आणि मगच मागच्या सर्व्हरांसाठी रस्ते लिहा.

बोगदा चालतो पण मागचे सर्व्हर बोलत नाहीत, ही तक्रार नेहमीची. तीन जागा तपासा. एक, गेटवेच्या लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग. दोन, क्लाउडची परवानगी: एडब्ल्यूएसवर सोर्स-डेस्टिनेशन चेक बंद करावा लागतो, अझूरवर नेटवर्क कार्डावर आयपी फॉरवर्डिंग चालू करावं लागतं, गूगलवर ती परवानगी सर्व्हर तयार करतानाच द्यावी. तीन, दोन्ही बाजूंचे रूट टेबल. परतीचा रस्ता लिहायचा राहिलेला असतो.

दुसरा त्रास जास्त फसवा आहे. पिंग जातं, एसएसएच जोडलं जातं, पण मोठी फाईल पाठवली किंवा लांबलचक आउटपुट आलं की सगळं गोठतं. कारण पॅकेटचा आकार. वायरगार्डचा डिफॉल्ट एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४२० असतो; तो १५०० च्या जाळ्यासाठी बरोबर आहे. गूगलच्या नेटवर्कचा डिफॉल्ट एमटीयू १४६० आहे. वायरगार्डच्या वेष्टनासाठी ८० बाइट वजा केले तर १३८० उरतात. सगळ्या गेटवेंवर १३८० ठेवा.

तपासणी: पॅकेट तोडायला मनाई करून १३५२ बाइटचा पिंग बोगद्यातून पाठवा. हेडरचे २८ धरून तो बरोबर १३८० होतो. १३५२ जायला हवा, १३५३ अडायला हवा.

ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे पोर्ट स्कॅनरने हे पोर्ट तपासण्यात अर्थ नाही. 'डब्ल्यूजी शो'मध्ये शेवटच्या हँडशेकची वेळ पाहा. आणि लक्षात ठेवा, एका क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागतात. बोगद्यावरून डेटाबेसची सतत प्रतिकृती चालवण्याआधी रोजचा डेटा मोजा.

## टप्पा ८: अ‍ॅन्सिबलने आतली मांडणी

हाताने लिहिलेली होस्टची यादी ठेवू नका. ती जुनी होणारच. तिन्ही क्लाउडसाठी डायनॅमिक इन्व्हेंटरी प्लगइन (क्लाउडकडून सर्व्हरांची ताजी यादी आणणारे) आहेत, आणि प्रत्येकाच्या फाईलचं नाव ठरलेल्या शब्दाने संपावं लागतं. तिन्ही फाईली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि अ‍ॅन्सिबलला तो फोल्डर द्या. 'कीड ग्रुप्स'ने 'एन्व्ह' आणि 'रोल'वर गट पाडा. एडब्ल्यूएस आणि अझूरमध्ये ही माहिती 'टॅग्ज'खाली येते, गूगलमध्ये 'लेबल्स'खाली. जोडणीचा पत्ता खाजगी ठेवा, म्हणजे सगळा कारभार बोगद्यातून होईल.

एखाद्या क्लाउडचं टोकन संपलं, तर अ‍ॅन्सिबल डिफॉल्टने फक्त एक सूचना छापतं आणि उरलेल्या सर्व्हरांवर काम करून यशस्वी म्हणून संपतं. एक पूर्ण क्लाउड अपडेटविना राहतो आणि अहवाल हिरवाच दिसतो. कॉन्फिगमध्ये 'एनी अनपार्स्ड इज फेल्ड' चालू करा, म्हणजे एकही यादी वाचता आली नाही तर काम तिथेच थांबेल.

तपासणी: 'अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी'चा 'ग्राफ' काढा. सर्व्हरांची संख्या टप्पा १ च्या यादीशी जुळली पाहिजे.

लागू करताना आधी 'चेक' आणि 'डिफ', मग एकच सर्व्हर, मग एका क्लाउडमधला एक गट, मग सगळे. 'सीरियल'मध्ये ही वाढ लिहून ठेवता येते. 'चेक'मध्ये शेल आणि कमांड मॉड्यूल प्रत्यक्ष चालत नाहीत, त्यामुळे तो बिनचूक गेला म्हणून खात्री झाली असं समजू नका. एसएसएचची मांडणी बदलताना एक जुनं सेशन उघडं ठेवा आणि रीस्टार्टआधी नव्या फाईलची वैधता तपासण्याची पायरी प्लेबुकमध्येच (अ‍ॅन्सिबलच्या पायऱ्यांच्या फाईलमध्येच) घाला.

## टप्पा ९: देखरेख आणि विचलन

प्रोमिथियस तिन्ही क्लाउडकडून सर्व्हरांची यादी स्वतः घेऊ शकतं. प्रत्येक सर्व्हरची मोजमापं देणाऱ्या नोड एक्सपोर्टरचा ९१०० पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कसाठी उघडा. प्रत्येक क्लाउडवर एक प्रोमिथियस ठेवा. एकच ठेवलं आणि बोगदा तुटला, तर पलीकडचे सगळे सर्व्हर मेल्याचे अलर्ट येतात आणि खरा दोष त्यात बुडतो. मोजमापं डिफॉल्टने १५ दिवसच राहतात. जास्त हवी असतील तर आत्ताच मुदत वाढवा.

कन्सोलमधून कुणी काही बदललं का हे पाहण्यासाठी रोज रात्री प्रत्येक स्टेटचा प्लॅन 'डिटेल्ड एक्झिटकोड' लावून चालवा. उत्तर ० म्हणजे फरक नाही, १ म्हणजे चूक, २ म्हणजे फरक आहे. २ आल्यावर आपोआप 'अप्लाय' होईल अशी व्यवस्था करू नका. रात्री अडचणीत कुणीतरी उघडलेला पोर्ट मुद्दाम उघडलेला असू शकतो. आधी विचारा, मग कोडमध्ये आणा किंवा मागे घ्या.

## टप्पा १०: बॅकअप आणि परत उभारणी

एका क्लाउडचा स्नॅपशॉट दुसऱ्यावर थेट उघडत नाही. म्हणून स्नॅपशॉटखेरीज रेस्टिकने डेटाचा बॅकअप दुसऱ्या क्लाउडच्या स्टोरेजवर न्या. डेटाबेसच्या चालू फाईली उचलू नका. आधी डंप (डेटाची एका फाईलमध्ये निर्यात) घ्या, मग त्याचा बॅकअप. सर्व्हरकडे बॅकअप लिहिण्याचा अधिकार असावा, जुने पुसण्याचा नसावा. रेस्टिकचा पासवर्ड सर्व्हरबाहेरही ठेवा, कारण त्याच्याशिवाय बॅकअप उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

तपासणी: एक सर्व्हर निवडा आणि तो दुसऱ्या क्लाउडवर कोऱ्या स्थितीतून उभारा: ओपनटोफू, अ‍ॅन्सिबल, रेस्टिक, याच क्रमाने. लागलेला वेळ टप्पा १ च्या यादीत लिहा. ही उभारणी अशा व्यक्तीकडून करून घ्या जिने ती मांडणी लिहिलेली नाही. कागदावर काय लिहायचं राहिलं ते लगेच बाहेर पडतं.

## टप्पा ११: सर्व्हर काढून टाकणं

याचाही क्रम आहे, आणि तो सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

१. लोड बॅलन्सरमधून सर्व्हर काढा आणि येणारी वर्दळ थांबल्याची खात्री करा.
२. डीएनएसची नोंद आता काढा. सर्व्हर गेल्यावर त्याचा सार्वजनिक पत्ता दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, आणि तुमचं नाव त्या परक्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहतं.
३. शेवटचा बॅकअप घ्या आणि त्यातली एखादी फाईल परत काढून पाहा.
४. नष्ट होण्यापासूनचं संरक्षण काढण्याचा बदल वेगळ्या कमिटमध्ये करा. सर्व्हर काढण्याच्या कमिटमध्ये तो मिसळू नका.
५. कोडमधून सर्व्हर काढा. प्लॅनमध्ये नष्ट होणाऱ्यांची संख्या अपेक्षेइतकीच आहे ना ते मोजा, मग लागू करा.
६. तो गेटवे असेल तर बाकीच्या गेटवेंवरून त्याची वायरगार्डची चावी काढा.
७. मागे राहिलेल्या डिस्क, स्नॅपशॉट आणि राखीव पत्ते शोधून काढा. पुढच्या बिलात त्या सर्व्हरच्या टॅगखाली एकही ओळ नसेल, तेव्हा त्याचं नाव यादीतून खोडा.